गुंजाळीचा विरंगुळा

सायकल मार्ग लोकांसाठी खुला झाल्यावर आठव्या दिवशी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, गुंजाळी नदी पात्रातून बाहेर आली आणि मार्गावरून फिरायला निघाली.

मी तिथेच उभी होते. मी हेमलता कासार, आडवण नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता. बंधाऱ्यापासून खालच्या दगडी पुलापर्यंत, नदीच्या कडेकडेने नऊ किलोमीटरचा हा मार्ग व्हावा म्हणून मी अकरा वर्षं सगळ्यांच्या टेबलांना खेटे घातले होते. नदी बंधाऱ्याशेजारून अलगद वर आली, घोटाभर खोल झाली, तिने मार्गाची डावी बाजू धरली आणि चालू लागली. समोरून दोन सायकली आल्या. तिने अंग चोरून त्यांना जागा दिली. खरं सांगते, मी टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांत डावी बाजू धरणारी ती पहिलीच होती.

यात चूक माझी होती, तीही सांगून टाकते. आराखडा द्यायची तारीख तोंडावर आली तेव्हा आमचा मोजणीदार मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेला होता. माझ्याकडे नदीचा एक जुना नकाशा होता. त्यावर कागद ठेवून मी नदी गिरवली, चाळीस मीटर उजवीकडे सरकवली आणि खाली ‘सायकल मार्ग’ असं लिहिलं. वळणं तीच आणि उतारही तोच. सायकलवाल्यांना दम लागणार नाही म्हणून मी स्वतःवर खूश होते. वर दोन्ही बाजूंना वीतभर उंचीचे कठडे घातले. मग तो मार्ग नदीला मापावर शिवलेल्या पोलक्यासारखा बसला, यात नदीचा काय दोष?

आठ वाजून दहा मिनिटांनी ती दगडी पुलापाशी पोचायची आणि तिथून परत पात्रात उतरायची. तिला माघारी यायची गरज नसे. नदी वरून येतच असते. दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला ती पुन्हा बंधाऱ्यावर हजर.

मला तर आनंदाने काही सुचेना, कारण तिच्या येण्यावर माझी झाडं अवलंबून होती.

मार्गाला मंजुरी देताना नगरपरिषदेने एक अट घातली होती. उद्घाटनाचा आठवडा सोडून पुढचे नव्वद दिवस, रोज किमान एका वापरकर्त्याने मार्ग पूर्ण लांबीत वापरला पाहिजे. एक दिवस जरी खंड पडला, तरी न वापरलेला भाग मार्गातून वगळायचा आणि तिथे मंगल कार्यालयाच्या गाड्या लावायची जागा करायची. आता आमच्या मार्गाचे पहिले चार किलोमीटर जत्रेसारखे भरलेले असत. पण चौथ्या किलोमीटरला फुलाबाई लोहारांची भज्यांची गाडी होती. मार्गाच्याही आधीपासून होती. लोक सायकलवर तिथवर येत, भजी खात आणि मागे वळत. पुढे कुणीही जात नसे.

“पुढे काय आहे?” ते मला विचारत.

“झाडं आहेत. सावली आहे.”

“आणि?”

आणि काय? पुढच्या पाच किलोमीटरवर चारशे बारा करंज होते. मी लावलेले. पहिले दोन उन्हाळे मी सुट्टीच्या दिवशी नदीतून कॅन भरभरून त्यांना पाणी घातलं होतं. गाड्या लावायला जागा झाली तर ते एका आठवड्यात आडवे झाले असते.

मी फुलाबाईंना गाडी खाली पुलाशी न्यायची गळ घातली. त्या झारा हातात धरूनच म्हणाल्या, “न्हाई वो मॅडम. चौदा वर्सं हितं उभी हाय म्या. चार मैलांवरनं वास घेऊन मान्सं येत्यात. आता वासाला नवा पत्ता कुटनं द्यू?”

म्हणजे पूर्ण नऊ किलोमीटर जाणारी एकटी गुंजाळीच होती.

तक्रार आली ती पाणीपुरवठ्याच्या डिगे साहेबांकडून. बंधाऱ्याखाली नदीकाठी त्यांचं जॅकवेल आहे, म्हणजे ज्या विहिरीतून पंपाने गावाचं पाणी उचलतात ती. नदी फिरायला गेली की पात्र रिकामं आणि जॅकवेल कोरडं. विलास डिगे गेली एकोणीस वर्षं बरोबर साडेसहाला गावाला पाणी सोडत होते. त्यांना पाहून लोक घड्याळ लावत.

“मॅडम, पंप हवा ओढतोय,” ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले. “वरच्या आळीत नळातनं नुसती शिट्टी येते. मी बंधाऱ्यावर लोखंडी दार बसवणार. नदी ड्युटीवर असते. चोवीस तास.”

“ती दीड तासासाठी जाते, डिगे साहेब. परतही येते.”

“मी जातो का कुठे दीड तास?”

प्रकरण मुख्याधिकारी मुजावर साहेबांकडे सुनावणीला गेलं. जिल्ह्याहून मूल्यमापनासाठी नेमलेले अधिकराव चोपडेही आले. चोपडे सरळ कण्याचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या एका हातात घडीचं स्टूल आणि दुसऱ्या हातात मार्गदर्शिका असे, आणि मार्गदर्शिकेत नसलेलं ते सहसा बोलत नसत.

मुजावर साहेबांनी विचारलं, “वापरकर्त्याची व्याख्या काय दिलीय?”

चोपड्यांनी पान काढलं. “जो मार्गात एका टोकाने शिरतो, दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो आणि हे विरंगुळ्यासाठी करतो, तो.”

“माणूस, असं नाही म्हटलेलं?”

“नाही. कुत्र्यांसाठी वेगळा रकाना आहे. नद्यांसाठी नाही. तेव्हा ती सर्वसाधारण गटात येईल.”

“महिला,” मी म्हणाले.

“महिला,” त्यांनी खूण केली.

डिगे उसळले. “अहो पाणी आहे ते, साहेब! पाण्याला कसला विरंगुळा? वाहणं हेच त्याचं काम. ती इथून वाहिली काय, तिथून वाहिली काय, कामच करतेय. आणि काम करत असेल तर तो सायकल मार्ग नाही, तो कालवा आहे.”

मुद्दा बिनतोड होता. मार्ग कालवा ठरला असता तर माझे पाच काय, नऊच्या नऊ किलोमीटर गेले असते.

चोपड्यांनी शांतपणे विचारलं, “तिच्या रजेची नोंदवही आहे का?”

“नदीची कसली रजा?”

“म्हणजे तिने आजवर एकही रजा घेतलेली नाही?”

डिगे बोटांवर वर्षं मोजू लागले. “उन्हाळ्यात थोडी कमी व्हायची. पण हजर असायची.”

“मग शिल्लक बरीच असणार,” चोपडे म्हणाले. मुजावर साहेबांनी मान डोलावली. रजेच्या शिलकीबद्दल ते फार हळवे होते.

ठरलं असं की नदी कामावर असते की विरंगुळ्यावर, हे चोपड्यांनी प्रत्यक्ष पाहून ठरवायचं. त्यांनी फुलाबाईंच्या गाडीशेजारी स्टूल मांडलं आणि तीन दिवस पाहणी केली. छापील प्रश्नावलीही नदीला दिली होती, पण ती भिजली. त्यामुळे ‘निरीक्षणावरून’ असा शेरा मारून त्यांनी ती स्वतः भरली. नदी बाहेर येताना मासे डोहातच ठेवते. वाळू पात्रात ठेवते. निर्माल्य, गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, काहीही बरोबर आणत नाही. पात्रात असते त्यापेक्षा मार्गावर सावकाश चालते. बाकांपाशी रेंगाळते. फुलाबाईंचा जबाबही त्यांनी घेतला.

“रिकाम्या हातानं येती बाई,” फुलाबाई म्हणाल्या. “परवा म्या मुद्दाम द्रोण टाकला तिच्यात. तर त्यो काठाला लावून पुढं गेली. भज्याचा वास घेती, आन् जाती. कामाला निगालेली बाई अशी चालती व्हय? बगा की तुमीच.”

चोपड्यांनी अहवालात लिहिलं : उद्देश, विरंगुळा. मूल्यमापन होईपर्यंत लोखंडी दार बसवू नये, असा हुकूम निघाला. मी पेढे वाटले. डिग्यांनी पेढा घेतला, पण माझ्याकडे न बघता.

यानंतर रोज सकाळी मी बंधाऱ्यावर जायचे आणि रोज जीव मुठीत धरून वाट बघायचे. पंधरा दिवस झाले, चाळीस झाले, सत्तर झाले. गुंजाळी एकदाही चुकली नाही. चोपडे खालच्या टोकाला पुलापाशी स्टुलावर बसलेले असत आणि रोज एक रेघ ओढत. डिगेही रोज बंधाऱ्यावर येत, कोरड्या जॅकवेलकडे बघत आणि कागदावर काहीतरी टिपून ठेवत. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. पण ती सहा चाळीसला वर यायची तेव्हा दोघेही एकदमच श्वास सोडायचो, हे माझ्या लक्षात आलं होतं.

एकोणनव्वदाव्या दिवशी मी माती खाल्ली.

एकच दिवस उरला होता आणि मला धीर निघेना. उद्या ती आलीच नाही तर? झोपली, विसरली, कंटाळली तर? सरकारी नोकरीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. मी एक पाटी रंगवून घेतली आणि दुपारी बंधाऱ्यावर टांगली. ‘गुंजाळी नदी. फिरण्याची वेळ सकाळी ६.४० ते ८.१०. गैरहजर राहिल्यास लेखी खुलासा द्यावा. आदेशावरून.’ खाली हजेरीपत्रकही लावलं. पक्कं काम झालं म्हणून मी त्या दिवशी गाढ झोपले.

नव्वदाव्या दिवशी सहा चाळीस झाले. सहा पन्नास झाले. नदी पात्रातच होती. बंधाऱ्याखालून ती नेहमीसारखी खळखळत जात होती, कामाला निघालेल्या बाईसारखी, इकडेतिकडे न बघता. जॅकवेल काठोकाठ भरलं होतं.

डिगे पाटी वाचत होते. “आदेशावरून,” ते म्हणाले. “मॅडम, मार्गदर्शिकेचं कलम अकरा वाचलंत ना तुम्ही?”

वाचलं होतं. पाठ होतं. विनंतीवरून, आमिषाने किंवा आदेशावरून केलेला प्रवास विरंगुळा धरला जाणार नाही. म्हणजे ती आली असती तरी रेघ पडली नसती. माझ्यापेक्षा तिलाच कलमं जास्त कळत होती. मी पाटी ओरबाडून काढली, पण आता काढून काय उपयोग? तिचा आजचा दिवस कामाचा झाला होता.

मला रडू आलं. चारशे बारा झाडं, प्रत्येकाच्या आळ्यात मी माझ्या हाताने पाणी घातलेलं, आणि ती मी एका पाटीने घालवली. कुणाला तरी जायला सांगावं, तर सांगण्यावरून गेलेला मोजत नाहीत. आणि स्वतः जावं, तर आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी ऑफिसात कुणालाही सांगितली नव्हती. मला सायकल येत नव्हती. पायी गेले असते तर सवयीने आळी तपासत गेले असते, आणि ते काम धरलं असतं. आठवीत असताना भावाची सायकल घेऊन मी शेणाच्या गोवऱ्यांच्या उडव्यात शिरले होते. सगळी गल्ली हसली. त्यानंतर मी सायकलला हात लावला नाही. नऊ किलोमीटरचा मार्ग मी फीत घेऊन पायी मोजला होता, आणि ऑफिस मला ‘सायकल मॅडम’ म्हणायचं.

डिग्यांनी मला काही विनंती केली नाही. कलम अकरा त्यांनाही माहीत होतं. ते फक्त पंपघराकडे गेले, व्हॉल्व्हमनची काळी सायकल भिंतीपासून काढली, चाकातली हवा दाबून पाहिली आणि माझ्याकडे तोंड करून उभी केली. मग ते आभाळाकडे बघत राहिले.

मी पदर खोचला.

“मला येत नाही,” मी म्हणाले.

“मी कुठे काय म्हणालो?” डिगे म्हणाले, आणि त्यांनी मागून सीट धरली.

पहिलं अर्धं किलोमीटर ते धावले. छप्पन्न वर्षांचा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस, तोंडातून शब्द न काढता माझ्यामागे धावत होता. आधी मी डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग कठड्याला घासून पुन्हा डावीकडे. कधीतरी मागचा श्वास ऐकू येईनासा झाला. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, पण मला कळलं की सीट कुणी धरलेली नाही, आणि मी पडलेलेही नाही!

पायडल मारावं लागेना. उतार होता. मी दिलेला, म्हणजे नदीचा. मी न हलता पुढे जात होते. वळण आलं की हात आपोआप वळत होते, कारण ते वळण मी या हातांनी गिरवलेलं होतं.

चौथ्या किलोमीटरला फुलाबाईंच्या गाडीपाशी तीसेक माणसं सायकली टेकवून उभी होती. कांदाभज्यांचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता.

“या मॅडम, गरमागरम हायेत!” फुलाबाईंनी झारा उंच धरला.

मी थांबले असते, खोटं कशाला बोलू? पण ब्रेक दाबायचा तर बोटं सोडवावी लागतात, आणि हँडलची पकड सैल करायची माझी तयारी नव्हती. मी सगळ्यांच्या देखत भज्यांच्या गाडीवरून सरळ पुढे गेले. असं त्या मार्गावर पहिल्यांदाच घडत होतं.

“आगं बया! मॅडम फुडं गेल्या!” फुलाबाई ओरडल्या.

आणि मग करंज सुरू झाले.

चैत्र होता. झाडं फुलली होती. अख्ख्या मार्गावर फुलांचा लाह्यांसारखा सडा पडला होता आणि तो माझ्या चाकांखाली कुरकुरत होता. फुलं केसांत पडत होती, पदरात पडत होती, तोंडातही गेली एकदोन. आजवर मी ही झाडं चालतच पाहिली होती, एकेक करून, कीड लागली का, आळं कोरडं पडलं का असं बघत. ती एका दमात चारशे बारा दिसतील असं मला कधी वाटलं नव्हतं. सहाव्या किलोमीटरच्या वळणावर मी ओरडले. काय ओरडले ते माहीत नाही, पण मोठ्याने ओरडले. आठवीत राहून गेलेलं ओरडणं होतं बहुतेक.

पुलापाशी मार्ग संपतो तिथे गवत आहे. मी त्या गवतात शिरून आडवी झाले, आणि अशा रीतीने थांबले.

चोपडे स्टुलावरून उठले. त्यांनी मला हात दिला, सायकल उभी केली, घड्याळ पाहिलं आणि छापील प्रश्नावली काढली.

“शिरल्याची वेळ?”

“सात वाजून पाच मिनिटं. बंधारा.”

“सलग आलात?”

“सलग.”

“उद्देश? काम की विरंगुळा?”

मी खोटं बोलू शकले असते. पण या माणसाने एकोणनव्वद दिवस सरळ रेघा ओढल्या होत्या. माझ्याच्याने बोलवेना.

“निघाले तेव्हा काम,” मी म्हणाले. “मार्ग वाचवायला निघाले होते, चोपडे साहेब. झाडं वाचवायला. पण करंज सुरू झाले आणि मी ते विसरले. सगळंच विसरले. सहाव्या किलोमीटरला मी ओरडले.”

“ऐकू आलं,” ते म्हणाले. त्यांनी मार्गदर्शिका उघडली. पानं उलटली, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

“कलम चौदा,” त्यांनी वाचलं. “उद्देश वापरकर्त्यास बाहेर पडताना विचारावा.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बाहेर पडताना. शिरताना विचारायची तरतूद नाही. तर आत्ता काय?”

मी हसायला लागले आणि माझं हसू थांबेना. चोपड्यांनी ‘विरंगुळा’वर खूण केली आणि नव्वदावी रेघ ओढली.

मार्ग पूर्ण लांबीत कायम झाला. मंगल कार्यालयाच्या गाड्यांना दुसरीकडे जागा मिळाली. डिग्यांनी लोखंडी दाराचा प्रस्ताव मागे घेतला आणि गावाच्या पाण्याची वेळ साडेसहाऐवजी साडेआठ केली. लोकांनी दोन दिवस कुरकुर केली, मग घड्याळं साडेआठला लावू लागले.

एक्याण्णवाव्या दिवशी बंधाऱ्यावर पाटी नव्हती, हजेरीपत्रक नव्हतं आणि मोजायलाही कुणी नव्हतं. सहा चाळीसला गुंजाळी वर आली. मी आणि डिगे सायकली घेऊन उभेच होतो. तिने डावी बाजू धरली, आम्ही तिच्या मागून निघालो. चौथ्या किलोमीटरला फुलाबाईंनी भजी पुड्यात बांधून चालत्या सायकलवर हातात दिली, कारण मला अजून थांबता येत नव्हतं.

करंजांखाली पोचल्यावर नदी थांबली. नऊ मिनिटं थांबली. वरून फुलं पडत होती आणि ती अंगभर पांढरी झाली होती. मग ती तशीच पुढे निघाली.

डिग्यांनी सवयीने खिशातून कागद काढला. “मॅडम, ती फुलं नेतेय,” ते काळजीने म्हणाले. “ही वाहतूक झाली. काम धरतील.”

“नेत नाहीये,” मी म्हणाले. “अंगावर पडलीत.”

डिग्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं, मग स्वतःच्या सदऱ्याकडे. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला, आणि तिला उजवीकडून ओलांडण्यासाठी घंटी वाजवली.